कर्नलची आगाऊ परीक्षा

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या शिंदे-इंग्रज तहामुळे, आणि बाजारात विड्याच्या पानांमुळे नि पानपिंपळीमुळे. तिथल्या पानमळ्यात भाव विचारायला जो अँड्रॉइड फोन बाहेर निघतो, त्याच्या तळाशी लिनक्सचा कर्नल असतो. मेमरी कुणाला किती, प्रोसेसर कुणाला कधी, फाइल कुठे लिहायची, हे सगळं तो ठरवतो. एखादं अ‍ॅप कोसळलं तर पुन्हा उघडता येतं; कर्नल कोसळला तर अख्खा फोन बसतो.

सोयाबीन पेरण्याआधी शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवतात ते वऱ्हाडातला शेतकरी बघतो. सॉफ्टवेअरवाल्यांना ही अक्कल उशिरा आली. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीची धुरा वाहिलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलं की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. तरी पुढे कित्येक वर्षं तपासणी शेवटीच होत राहिली. मायक्रोसॉफ्टने विंडोज एनटी लिहिताना, म्हणजे १९९३ च्या आधी, सगळ्यांचं काम रोज एकत्र करून प्रणाली नव्याने बांधायची शिस्त लावली. नव्वदीच्याच दशकात केंट बेक आणि मंडळींनी ती आणखी ताणली : रोज कशाला, प्रत्येक बदल आला की जोडा आणि तपासा. हेच कंटिन्युअस इंटिग्रेशन. २००१ मध्ये थॉटवर्क्समधून क्रूझकंट्रोल हे साधन निघालं, आणि हे काम यंत्रावर सोपवता आलं.

कर्नल मात्र या वाटेला लवकर गेला नाही. लिनक्स १९९१ चा. त्याच वर्षी पुण्याच्या सी-डॅकमध्ये, मूळच्या अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक उभा राहिला. तेव्हा या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक झाडून लिनक्सवर चालतात. २०२० साली त्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आलेला सी-डॅकचा परम सिद्धी-एआयही त्यातच. इतका पसारा वाढला, तरी लिनक्सची तपासणी बराच काळ वापरणाऱ्यांच्या जिवावरच होत होती. विषम क्रमांकाच्या आवृत्त्या प्रयोगाच्या, सम क्रमांकाच्या भरवशाच्या असत. २.५ ची प्रयोगशाखा २००१ च्या अखेरीपासून २००३ च्या अखेरीपर्यंत चालली. दोन वर्षांचे बदल एकदम लोकांच्या हाती पडले की काय मोडलं ते कळायचं. कशाने मोडलं ते शोधत बसावं लागायचं.

२००५ मध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट आलं. कामाची पद्धतही बदलली होती. आता दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती. एका आवृत्तीत तेरा हजारांच्या आसपास बदल येतात, पण निम्मे-निम्मे करत गेलं तर चौदा पायऱ्यांत दोषी सापडतो. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्टीफन रॉथवेल यांनी लिनक्स-नेक्स्ट सुरू केलं : पुढच्या आवृत्तीत जायचं ते आजच एकत्र करून बघायचं. मग इंटेलमध्ये फेंगग्वांग वू यांचा झिरो-डे रोबो आला. बदल कर्नलच्या मुख्य संहितेत येण्याची वाटही तो बघत नाही. ईमेलने नुसता प्रस्ताव आला की बांधून, चालवून चूक पाठवणाऱ्याला कळवतो. माझ्या मते या साऱ्या वंशावळीतली मोठी उडी हीच, कारण चूक ज्याची त्याच्याच हाती, ताजी असताना परत जाते.

पण झिरो-डेची यंत्रं मुख्यतः सर्व्हरच्या जातीची. फोन आणि राऊटरमध्ये एआरएम प्रोसेसरवरच्या बोर्डांचे शेकडो प्रकार. त्यांच्यासाठी २०१४ मध्ये केव्हिन हिलमन आणि सहकाऱ्यांनी कर्नलसीआय उभं केलं. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांत फळीवर मांडलेले बोर्ड आणि एकच पहिला प्रश्न : हा कर्नल यावर सुरू तरी होतो का? २०१९ मध्ये लिनक्स फाउंडेशनने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला.

एवढं करूनही गळती होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये एक्स्ट४ या फाइलप्रणालीतला एक बदल नव्या शाखेतून जुन्या शाखांत उतरवला गेला. तो ज्याच्या आधारावर उभा होता तो दुसरा बदल मात्र तिकडे नव्हता. परिणामी काही लेखन चुकीच्या जागी पडून डेटा बिघडू लागला. ५.१५ शाखेच्या प्रकाशनपूर्व मसुद्यावर लिनारो या संस्थेच्या यंत्रांनी चालवलेली चाचणी नापास झाली. चाचणी लिनक्स टेस्ट प्रोजेक्टमधली, म्हणजे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या संग्रहातली. कर्नल विकसक यान कारा यांनी त्या निकालाचा पाठपुरावा केला तेव्हा खरं कारण हाती लागलं. तोवर तोच बदल ६.१.६४ मधून बाहेर पडला होता. डेबियन या लिनक्स वितरणाला ९ डिसेंबरला १२.३ आवृत्ती अडवावी लागली आणि दुसऱ्या दिवशी १२.४ काढावी लागली. यंत्राने घंटा वेळेवर वाजवली. माणसाने ती ऐकून अर्थ लावायला जेवढे दिवस लागले तेवढ्यात नुकसान झालं. लाल निकालांच्या ढिगातून खरा कोणता हे ओळखणारे लोक कमी आहेत, आणि यंत्रं वाढवून ते वाढत नाहीत.

असे लोक तयार होतात ते बोर्ड मांडलेल्या फळीजवळ बसूनच. कर्नलसीआयच्या जाळ्यात कुठलीही प्रयोगशाळा जोडता येते. लागतात ते चार-सहा वेगवेगळे बोर्ड, त्यांची वीज चालू-बंद करणारा रिले, सिरीयल केबल, लावा हे फुकट सॉफ्टवेअर, आणि आपल्याकडे अर्थातच एक दणकट इन्व्हर्टर. दरवर्षी तीच ती हजेरीची अ‍ॅपं आणि ग्रंथालयाची सॉफ्टवेअरं प्रकल्प म्हणून मंजूर करणाऱ्या अमरावती, बडनेरा, शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यंदा एका गटाला तरी ही फळी उभारायला द्यावी.