कुलाब्यातले उन्हावरचे इंजिन

घासून लखलखीत केलेले तांब्याचे भांडे त्यावर पडणाऱ्या उन्हातला बराचसा भाग परतवून लावते. तेच भांडे काजळीने काळे केले, तर ते जवळजवळ सगळे ऊन शोषते आणि धातूतून ती उष्णता झटकन आतल्या पाण्यापर्यंत पोहोचते. पण तापलेला काळा पृष्ठभाग उष्णता तितक्याच सढळपणे बाहेरही टाकतो, शिवाय वारा त्याला निववतो. त्यामुळे सौर यंत्रे बनवणाऱ्यांची खरी झुंज ऊन पकडण्यापेक्षा ते धरून ठेवण्यासाठीच होती.

१७६७ मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूरने काचेची झाकणे असलेल्या पेट्या उन्हात ठेवून पाहिल्या. पुढे त्याच्या आतून काळ्या केलेल्या लाकडी पेटीत तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही वर गेले. शंभरेक वर्षांनी फ्रान्सचे गणितशिक्षक मूशो यांनी तांब्याचा काळा बॉयलर काचेच्या आवरणात बसवला आणि त्यावर शंकूच्या आकाराच्या आरशाने ऊन एकवटले. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी उन्हाच्या जोरावर चक्क बर्फ तयार करून दाखवला.

याच सुमारास मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या सरकारी अधिकाऱ्याने वेगळी वाट धरली. मूशोंचा शंकू फार मोठा करता येणार नाही, हे त्यांनी नेमके हेरले. त्याऐवजी अर्धवर्तुळाकार चौकटीवर साधे सपाट आरसे लावून त्यांनी सगळ्यांचे ऊन एकाच बॉयलरवर पाडले. सूर्य सरकेल तशी चौकट सरकवावी लागे. या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन मध्य कुलाब्यातल्या त्यांच्या बंगल्याच्या आवारात दोन आठवडे चालले. त्यांच्या सूर्यचुलीवर सात सैनिकांचे मांस आणि भाजी दोन तासांत शिजली, तीही जानेवारीत. १८७८ मध्ये त्यांनी या प्रयोगांवर पुस्तक लिहिले. उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी ऊन वापरावे, हा त्यांचा आग्रह दूरदृष्टीचा होता. तरीही मुंबईच्या गिरण्या कोळशावरच चालत राहिल्या.

उष्णता धरून ठेवण्याच्या अडचणीवर मोठा उतारा सापडला तो १९५० च्या दशकात. इस्राएलच्या हॅरी टेबोर यांनी धातूवर असा पातळ काळा लेप चढवला, जो ऊन शोषतो पण स्वतःची उष्णता फारच कमी सोडतो. आजच्या अनेक सौर बंबांत याच तत्त्वाचे लेप असतात. महाराष्ट्रात आरशांनी ऊन एकवटून वाफ करण्याची युक्ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली ती शिर्डीत: २००९ पासून तिथल्या प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ तबकड्यांची यंत्रणा भक्तांच्या जेवणासाठी वाफ पुरवू लागली.