नौदल अधिकाऱ्याचा हुद्दा खांद्यावरून कसा ओळखायचा?

पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याचा फोटो फिरतो आणि खाली कुणीतरी काहीही हुद्दा लिहितो. खरे तर भारतीय नौदलात हुद्दा खांद्यावरच लिहिलेला असतो, फक्त तो वाचता यायला हवा. नियम सोपा आहे : कमोडोरपर्यंत सोनेरी फिती पाहायच्या, त्यापुढे तारे मोजायचे.

फिती काय सांगतात?

- सब लेफ्टनंट : 1 फीत
- लेफ्टनंट : 2 फिती
- लेफ्टनंट कमांडर : 2 फिती आणि मधे एक बारीक फीत
- कमांडर : 3 फिती
- कॅप्टन : 4 फिती
- कमोडोर : एकच, पण खूप रुंद फीत

मानेकडच्या फितीला गोल वेटोळे असते. कमोडोरची फीत एकच असल्याने अनेकजण त्याला कनिष्ठ समजतात. प्रत्यक्षात तो कॅप्टनच्या वरचा आणि लष्करातल्या ब्रिगेडियरच्या बरोबरीचा असतो. म्हणून फितींची संख्या आणि रुंदी दोन्ही पाहावी.

तारे कधी येतात?

रिअर ॲडमिरलला 2, व्हाइस ॲडमिरलला 3 आणि ॲडमिरलला 4 तारे असतात. मुंबईत मुख्यालय असलेल्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल असतात, तर नौदलप्रमुख ॲडमिरल. लष्करात मात्र 3 तारे कॅप्टनच्या खांद्यावर असतात. त्यामुळे लष्कराचा हिशेब नौदलाला लावू नये.

कॅप्टन म्हणजे नक्की कोण?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. नौदलाचा कॅप्टन लष्करातल्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. लष्कराच्या कॅप्टनची बरोबरी नौदलातल्या लेफ्टनंटशी होते.

राजमुद्रेचा अष्टकोन

4 डिसेंबर 2023 रोजी नौदल दिन सिंधुदुर्गात साजरा झाला. तिथे पंतप्रधानांनी खांद्यावरच्या चिन्हांत छत्रपती शिवाजी महाराजांचा वारसा दिसेल, असे जाहीर केले. त्याच महिन्यात ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांसाठी नवे चिन्ह आले. त्यात नौदलाचे सोनेरी बटण, महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, तलवार, दुर्बीण आणि हुद्द्याचे तारे आहेत. अष्टकोन आठ दिशांचे, तर दुर्बीण दूरदृष्टीचे प्रतीक आहे. फोटो 2023 च्या आधीचा असेल तर चिन्ह वेगळे दिसेल. तेवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

खांद्यावर काहीच दिसत नसेल तर?

काळ्या कोटावर हुद्दा बाहीच्या टोकाला असतो. तिथे ॲडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांनाही फितीच असतात : एक रुंद फीत आणि तिच्यावर हुद्द्यानुसार 1, 2 किंवा 3 अरुंद फिती.

चार फिती म्हणजे नौदलच?

नाही. विमान कंपन्यांचे वैमानिक आणि मर्चंट नेव्हीचे कॅप्टनही खांद्यावर 4 फिती लावतात. लग्नाच्या स्थळाचा किंवा पैसे मागणाऱ्या अनोळखी माणसाचा फोटो असेल तर केवळ फितींवर विश्वास ठेवू नये. गणवेश विकत मिळतो, हुद्दा मिळत नाही. आपण सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक आहोत असे भासवण्यासाठी तसा गणवेश घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. त्यासाठी 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.