रोमन नाण्याची ओळख

भंडारा जिल्ह्यांतील अड्याळ हें गांव पवनी तालुक्यांत येतें. पवनी हें वैनगंगेच्या तीरावरील प्राचीन नगर. तेथें १९६९-७० सालीं झालेल्या उत्खननांत बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. अशा मुलखांत नांगराच्या फाळास एखादें जुनें नाणें लागलें, तर तें बहुधा प्रथम सोनाराकडे जातें. सोनार धातूचा कस सांगतो. इतिहासास मात्र त्यावरील अक्षरें हवीं असतात.

तें नाणें रोमन असण्याचा संभव कल्पनेंतला नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत भडोचच्या बंदरीं रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं उतरत, आणि पैठण व तेर येथील माल त्याच बंदरास जाई, असें 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. तेर येथें तर रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेलीं भाजक्या मातीचीं पदकेंही मिळालीं आहेत.

ओळख पटविण्याची रीत अवघड नाहीं. दर्शनी बाजूस सम्राटाचें मस्तक असतें व कडेनें लॅटिन अक्षरें असतात. त्यांत सम्राटाचें नांव व पदव्या येतात. भारतांत विशेषेंकरून आढळणारे रुप्याच्या नाण्यांचे प्रकार दोन. पाठीमागें ढाली व भाले घेतलेले दोन तरुण उभे असल्यास तें ऑगस्टसाचें. हे त्याचे दत्तक पुत्र गायस व लूसियस. हातीं राजदंड व डहाळी घेतलेली स्त्री बसलेली असल्यास तें तिबेरियसाचें (इ. स. १४ ते ३७). कांहीं नाण्यांवर दरवर्षीं नव्यानें मिळणाऱ्या अधिकारपदाचा आंकडा असतो. त्यावरून नाणें पाडल्याचें सालही काढतां येतें.

वजनाचीही साक्ष घ्यावी. आरंभीचें रुप्याचें नाणें सुमारें चार मासे व सोन्याचें आठ मासे भरे. इ. स. ६४ च्या सुमारास नीरोनें वजन घटविलें, तेव्हां रुप्याचें साडेतीन माशांवर आलें. कडेस सांध्याची रेघ दिसली किंवा अक्षरें बोथट असलीं, तर तें सांच्यांत ओतलेलें नकली नाणें असावें असा संशय धरावा.

परंतु नाणें ओळखलें म्हणजे काम संपलें नाहीं. तें कोठें, किती खोल व कशाच्या सोबतीनें मिळालें, ही अर्धी साक्ष होय. १९३९ सालीं वऱ्हाडांत तऱ्हाळा येथें सांपडलेला सातवाहन नाण्यांचा सांठा अभ्यासकांच्या हातीं आला, म्हणून पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ व कर्ण हे सातकर्णि राजे जगास कळले. तीं नाणीं मुशींत गेलीं असतीं, तर ते राजे कायमचे निनांवी राहिले असते.

१८७८ च्या कायद्यान्वयें दहा रुपयांहून अधिक मोलाचें भूमिगत धन जिल्हाधिकाऱ्यांस कळविणें आवश्यक आहे. कायद्याचें भय नसतें तरीही तें कळवावें. नाणें घासूं नये, लिंबू-चिंचेनें उजळूं नये. सोन्याचें मोल पुन्हां मिळवितां येतें. पुसलेलें अक्षर पुन्हां उमटत नाहीं.