पाच गुराबा, पंधरा गलबते

सांगलीला लागूनच हरिपूर आहे. तिथे वारणा कृष्णेला मिळते आणि काठावर संगमेश्वराचे देऊळ उभे आहे. सांगलीकर संध्याकाळी तिथे फिरायला जातात, श्रावणात दर्शनाला जातात. समुद्राची आठवण व्हावी असे तिथे काहीच नाही. पण ज्या कागदात या संगमाचे नाव आहे, त्याच कागदात कोकणकिनाऱ्याचीही वाटणी आहे. १३ एप्रिल १७३१ रोजी साताऱ्याचे शाहू छत्रपती आणि कोल्हापूरचे संभाजीराजे यांच्यात वारणेचा तह झाला. संगमापासून दक्षिणेला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे गेला आणि कोकणात साळशीपासून खाली अंकोल्यापर्यंतचा पट्टाही कोल्हापूरकडे गेला. चुलतभावांनी नदीकाठी ओढलेली रेघ घाट उतरून खाऱ्या पाण्यापर्यंत पोहोचली.

साताऱ्याची गादी समुद्रापासून दूर, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. कृष्णा आणि वेण्णा एवढेच तिचे पाणी. तरीही पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वांत धास्तीचे आरमार याच गादीच्या नावाने चालत होते. सुरुवातीला मात्र ते विरोधात होते. १७०८ मध्ये शाहूंचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला, तेव्हा या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंगरे शाहूंच्या प्रतिस्पर्धी चुलती ताराबाई यांच्या बाजूला होते. त्यांच्यावर चालून गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे १७१३ मध्ये उलट त्यांच्याच कैदेत पडले. मग पेशवेपदावर नुकतेच आलेले बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला गेले आणि १७१४ मध्ये कान्होजी शाहूंचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, झाले.

या आरमारातले जहाज कसे असावे, हा प्रश्न आज टेबलावर अंतराळयुद्धाचे खेळ रचणाऱ्यांना जसा पडतो तसाच तेव्हाही पडला होता. १८९८ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेड जेन यांनी आरमारी लढाईचा टेबलावरचा खेळ छापला. १९७९ मध्ये अमेरिकेत ‘स्टार फ्लीट बॅटल्स’ निघाला. त्यात अवकाशयानाच्या इंजिनाची शक्ती दर फेरीत वेग, तोफा आणि ढाली यांच्यात वाटून द्यावी लागते. एका बाजूला जास्त दिले की दुसरीकडे कमी पडते. त्या खेळातले ‘हेवी क्रूझर’ म्हणजे अवजड युद्धनौका आणि चपळ लहान नौका यांच्या मधले यान. हे नाव खऱ्या समुद्रावरून आले. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने क्रूझरला दहा हजार टनांची आणि आठ इंची तोफांची मर्यादा घातली. १९३० च्या लंडन तहाने तोफेच्या मापावरून तिचे जड आणि हलके असे दोन वर्ग पाडले. मर्यादा वजनाची होती, त्यामुळे जाड चिलखत हवे असेल तर आराखडा करणाऱ्याला इंजिनात किंवा तोफांत काटकसर करावी लागे.

मराठी आरमारासाठी असा हिशेब कागदावर मांडला गेला तो १७१५ च्या सुमारास, आणि तोही घाटावरच्या एका मुत्सद्द्याकडून. रामचंद्रपंत अमात्य बावडेकर यांच्या ‘आज्ञापत्र’ या राजनीतीच्या ग्रंथात दुर्गांच्या प्रकरणाइतकेच आरमाराचे प्रकरण वाचण्यासारखे आहे. पंतांचे म्हणणे असे, की तरांडी, म्हणजे जहाजे, फार मोठी करू नयेत आणि फार लहानही करू नयेत. वाऱ्यावाचून जे हलतच नाही, असे थोर जहाज काय कामाचे? एका सुभ्यात, म्हणजे आरमाराच्या एका तुकडीत, पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत आणि सगळ्यांनी एका सरसुभ्याच्या हुकमात वागावे. लाकडाचाही बंदोबस्त त्यांनी सांगितला आहे. सागवान लागेल तेवढे परवानगीने तोडावे, कमी पडले तर परमुलखातून विकत आणावे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे एका-दोन वर्षांत होत नाहीत.

एकाला तीन, हे प्रमाण का? त्याचे उत्तर दोन्ही जहाजांच्या बांधणीत आहे.

गुराब हा शब्द अरबी, मूळ अर्थ कावळा. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने अठराव्या शतकात गुराबेचे बारकाईने वर्णन केले आहे. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. लांबीच्या मानाने ती रुंद असे, पण मध्यापासून पुढे निमुळती होत जाई आणि टोकाशी नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लांब पुढे आलेली असे. तळ उथळ असल्याने खाड्यांतून सहज फिरे. नऊ ते बारा पौंडी गोळे फेकणाऱ्या दोन तोफा नाळेच्या मागे, तोंड थेट पुढे करून बसवलेल्या. दोन्ही बाजूंना सहा ते नऊ पौंडी लहान तोफा. हा सौदा फुकटचा नव्हता. पुढचे अंग अरुंद असल्याने समोरून लाट आली की गुराब जोरात वरखाली होई आणि पाणी नाळेवर चढे. म्हणून पुढचा भाग बंदिस्त न करता मोकळा ठेवीत, म्हणजे चढलेले पाणी दोन्ही अंगांनी ओघळून जाई. पाठलाग करताना पुढे मारा करता यावा, यासाठी खवळलेल्या दर्यातली स्थिरता सोडून दिलेली होती.

गलबत त्याच घडणीचे पण लहान, क्वचितच सत्तर टनांवर जाणारे. काहींचा डेक चिरलेल्या बांबूंचा, म्हणजे वजन आणखी कमी. अशांवर फिरत्या लहान तोफाच बसत. पक्क्या फळ्यांच्या गलबतांवर दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा असत. पण गलबताचे खरे बळ चाळीस-पन्नास वल्ह्यांत होते. वारा पडला तरी ते तासाला चार मैल जाई.

आता दोघांची जोडी कशी जमते ते पाहा. वारा असला तर गुराब शिडांवर पळे. वारा पडला की गलबते तिला दोर बांधून ओढत नेत. सावज टप्प्यात आले की सारा काफिला त्याच्या पाठीमागे गोळा होई, कारण युरोपीय जहाजाच्या तोफा मुख्यतः दोन्ही बाजूंना आणि मागचे अंग उघडे. गुराबा दुरूनच नाळेच्या तोफांनी डोलकाठ्यांवर नेम धरत. तिन्ही डोलकाठ्या मागून एकमेकींजवळ दिसू लागल्या, की त्याच क्षणी गोळा सोडायचा, म्हणजे एक चुकली तरी दुसरीला लागेल. डोलकाठ्या पडल्या की जवळ जाऊन चौफेर मारा. तरीही शत्रू चिवटपणे लढत राहिला तर दोन-तीनशे माणसांनी भरलेली गलबते एकाच वेळी चारी बाजूंनी भिडत आणि लोक तलवारी घेऊन वर चढत. १७३५ च्या अखेरीस संभाजी आंगऱ्यांनी ‘डर्बी’ हे ईस्ट इंडिया कंपनीचे मोठे जहाज धरले. एकटी गुराब अशा जहाजापुढे उभी राहिली नसती, आणि एकट्या गलबताचा तर चुराच झाला असता.

इंग्रजांनी याला उलट टोकाचे उत्तर शोधून पाहिले. मुंबईचे गव्हर्नर चार्ल्स बून यांनी गोळे झेलू शकेल अशा जाड भिंतींचा एक तरंगता तोफखाना बांधून घेतला. त्याचे नाव ‘फ्राम’. १७२० मध्ये तो विजयदुर्गासमोर नेला तेव्हा तोफांची भोके फार खाली पडल्याचे ध्यानात आले आणि गोळे किल्ल्यापर्यंत पोहोचेनात. मोहीम फसली. चिलखत आणि तोफा यांवरच सारे खर्च केले की काय होते, याचा नमुना म्हणून कुठल्याही खेळाच्या नियमपुस्तकात फ्राम शोभला असता.

समुद्रावरचा हा पसारा घाटावरून सांभाळला जाई तो पत्रांतून. साताऱ्याजवळच्या धावडशीला पेशवे आणि आंगरे यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी राहत. बाजीराव पेशवे त्यांना पत्रे लिहीत, आंगरे बंधूही लिहीत. ही पत्रे पुढे साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी प्रसिद्ध केली. १७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये त्यांचे पुत्र सेखोजी गेले, आणि १७३५ मध्ये सेखोजींचे भाऊ संभाजी विजयदुर्गाला आणि मानाजी कुलाब्याला असे आरमार दुभंगले. एका सरसुभ्याच्या हुकमात वागण्याचे पंतांचे कलम इथेच मोडले.

विजयदुर्गाचे आरमार पुढे संभाजींचे भाऊ तुळाजी आंगरे यांच्या हाती आले आणि एकटे असूनही जबर ठरले. १७४९ मध्ये त्यांनी इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पकडले. १७५४ मध्ये पन्नास, छत्तीस आणि अठरा तोफांच्या तीन डच जहाजांशी गाठ पडली. दोन मोठी जाळली, तिसरे धरले. पण १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज वारले होते आणि कारभाराचे केंद्र साताऱ्याहून पुण्याला सरकले होते. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. चपळाईसाठी घडवलेल्या गुराबा आणि गलबते त्या दिवशी किल्ल्याच्या आसऱ्याला दाटीने उभी होती, मागे-पुढे व्हायला जागाच नव्हती. एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडून ते पेटले आणि आग या जहाजावरून त्या जहाजावर जात अख्खे आरमार जळाले.

साळशीच्या दक्षिणेची जहाजे मात्र या आगीत नव्हती. हरिपूरच्या संगमाचे नाव असलेल्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग पंचवीस वर्षांपूर्वीच कोल्हापूरकडे गेले होते. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले आणि पुढे कोल्हापूरकरांना परत केला. मालवणची जहाजे त्यानंतरही इंग्रज व्यापाऱ्यांना सतावत राहिली, ती १८१२ मध्ये किल्ला कायमचा इंग्रजांकडे जाईपर्यंत.