चौघांत विभागलेला नायक
आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात सहकार म्हटले की 1950 चा प्रवरेचा साखर कारखाना आठवतो. म्हणूनच 'झेल्डा' या जपानी साहस-खेळमालिकेतील सहकार आम्हांस विशेष कुतूहलाचा वाटतो. 1986 पासून तिचा नायक लिंक एकटाच लढत होता. 2002 च्या 'फोर सोर्ड्‌स'ने त्याचे चार देह केले. जड शिळा सर्वांनी मिळून ढकलायची, वाटेतली रत्ने मात्र (त्यांचे नावही 'रुपी'!) ज्याने त्याने लुटायची. शेवटी कोणी किती मिळवली याची मोजदाद. सोबत्याला उचलून खड्ड्यात फेकण्याचीही मुभा! हा सहकार आम्हांस खरा वाटतो. सवंगडी नसलेल्याला मात्र 2011 च्या आवृत्तीपर्यंत प्रवेशच नव्हता. 2015 च्या 'ट्राय फोर्स हीरोज'मध्ये तिघांचे प्राणही सामाईक झाले. एकाला बसलेला घाव तिघांच्या खात्यातून वजा होऊ लागला.