प्रतापसिंह महाराज आणि वेदोक्ताचा प्रश्न
रोमन सम्राट ज्युलियनने (इ.स. ३६१-३६३) ख्रिस्ती साम्राज्यात प्राचीन देवपूजेचे पुनरुज्जीवन करण्याचा प्रयत्न केला, त्याच्या मृत्यूबरोबर तो संपला. जुना धार्मिक अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांनीही केला. १६७४ च्या वेदोक्त राज्याभिषेकाची परंपरा सांगून त्यांनी भोसल्यांचे क्षत्रियत्व प्रतिपादिले. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांनी त्यास प्रखर विरोध केला. १८३९ मध्ये ब्रिटिशांनी प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस पाठविले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तथापि, हा वाद पुढे शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात पुन्हा उभा राहिला. ज्युलियनचा प्रयत्न सिंहासनावर विसंबून होता. साताऱ्याचा दावा सामाजिक प्रतिष्ठेशी निगडित असल्याने गादी गेल्यावरही टिकला.