होगेवाइक

नेदरलँड्समधील ॲम्स्टरडॅमजवळच्या वेस्प येथील, तीव्र स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांची शुश्रूषा-वसाहत. शुश्रूषागृहातील रुग्णालयी शिस्त मोडण्याचा विचार येथे १९९३ मध्ये रुजला. इव्होन फान ॲमेरोंगेन या त्याच्या प्रमुख प्रवर्तक. सध्याची वसाहत २००९ मध्ये पूर्ण झाली. सहा-सात रहिवासी एका घरात राहतात. स्वयंपाक घरातच होतो, वाणसामान वसाहतीतल्या दुकानातून येते आणि रहिवासी जमेल तसा हातभार लावतात. परिचारिका साध्या कपड्यांत वावरतात. बाहेर पडण्याच्या वाटेवर लक्ष असते. आत मात्र रस्ते, बाग, उपाहारगृह यांत मोकळेपणी हिंडता येते. ही सारी रचना म्हणजे बनाव असल्याची टीका झाली. ती पटत नाही, कारण दुकान खरे आहे आणि शिजणारी भाजीही खरी. आठवणी पुसल्या तरी आवडनिवड, लाज आणि मानाची जाणीव उरते. परिचर्येला आधार तिचाच. खर्च मुख्यतः सार्वजनिक निधीतून भागतो.